गेज शून्य दाखवतं तेव्हा: बंद खाणीच्या सीलमागचं पाणी

प्रश्न असा आला आहे: "इंदुरात आमची बोअरवेलचे वॉटर लेव्हल सेन्सर बनवणारी छोटी कंपनी आहे. परासियाकडच्या एका बंद भूमिगत कोळसा खाणीच्या दोन सील केलेल्या तोंडांवर पाणी मोजायचं काम आम्हाला मिळतंय. खालच्या सीलमध्ये पाइप आहे, त्यावर गेज आहे आणि ते दोन वर्षं शून्य दाखवतंय. त्याच पाइपवर आमचा सेन्सर बसवला तर चालेल का? आणि शून्यच असेल तर एवढा खर्च कशाला, असं आमचे सर विचारतात. त्यांना काय सांगू?"

सरांना आधी एवढंच सांगा की या दोन वर्षांत दोन पावसाळे होऊन गेले. परासिया ज्या पेंच खोऱ्यात येतं तिथे दोन पावसाळे पडले आणि बंद खाणीतलं पाणी तसूभरही हललं नाही, हे मला पटत नाही. गेजचं नक्की काय झालंय ते कळेपर्यंत भिंतीमागे पाणी आहे असंच धरून चाला.

मी एकतीस वर्षं कोळसा खाणींत काढली. सुरुवातीला सर्व्हेला होतो, नंतर सेफ्टीला. निवृत्त झाल्यावर इंदूरच्या घरी परतलो. तुमचा प्रश्न वाचला आणि त्याच दिवशी उत्तर लिहायला बसलो, त्याला कारण आहे.

आमच्याकडे एका बंद खाणीची दोन तोंडं होती. एक टेकडीच्या अंगाला वर, दुसरं नाल्याकाठी खाली. खालच्या तोंडाला विटांची भिंत, भिंतीत पाइप, पाइपवर गेज. दर सोमवारी ओव्हरमन, म्हणजे खाणीतल्या कामावर देखरेख करणारा, जाऊन काटा बघायचा, रजिस्टरमध्ये शून्य लिहायचा, आणि मी खाली सही करायचो. असे पाच महिने गेले. ऑक्टोबरात आमचा जुना पंप खलाशी ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहब, दीवार पसीज रही है." पाऊस थांबून तीन आठवडे झाले होते. जाऊन पाहिलं. भिंतीच्या डाव्या अंगाला, वीट जिथे खडकाला भिडते तिथे हातभर लांबीची ओल होती. वरून ओघळ आलेला नव्हता. सांध्यातूनच पाणी मण्यामण्यांनी बाहेर येत होतं आणि त्याला गंजाचा रंग होता. गेजचा काटा मात्र शून्यावर निवांत.

मी पाइपच्या व्हॉल्व्हकडे हात नेला. खलाशाने माझं मनगट धरलं. "पहले ऊपर देख लो." वर म्हणजे टेकडीवरचा जुना हवेचा शाफ्ट, हवेसाठी खणलेली उभी विहीर. तिथे जाऊन जाळीतून टेप सोडला, पाणी लागलं. दोन्ही जागांची लेव्हल जुळवून पाहिली तर शाफ्टमधलं पाणी खालच्या तोंडाच्या तळापेक्षा ९ मीटर वर उभं होतं. १० मीटर पाणी म्हणजे साधारण १ किलो प्रति चौरस सेंटीमीटर दाब. तोंडाचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर धरलं तर त्या भिंतीवर ७५-८० टन जोर येतो. आणि ती भिंत बांधली होती गुरं आणि पोरं आत जाऊ नयेत म्हणून. ती तगली, कारण मागे छत पडून माती-दगडांचा बोळा बसला होता आणि भार तो घेत होता. नाल्याच्या पलीकडे वस्ती होती.

भिंतीला हात न लावता आम्ही आधी माणसं हलवली. शाफ्टमध्ये सबमर्सिबल सोडून एकवीस दिवस उपसा केला. पाणी तोंडाच्या तळाखाली गेल्याची शाफ्टवरून खात्री झाली, तेव्हाच पाइप उघडला. बाहेरच्या टोकापासून दीड फुटावर आत गेरूसारखा चिखल ठासून बसला होता. खरवडल्यावर साबणाच्या वडीसारखे त्याचे तुकडे निघाले. रजिस्टरमधल्या त्या वीस-बावीस शून्यांखाली माझी सही आहे.

पाइप बुजतो कसा, हे सेन्सर बनवणाऱ्याने समजून घ्यायलाच हवं. कोळशात आणि आजूबाजूच्या खडकात पायराइट म्हणजे लोह आणि गंधक यांचं खनिज असतं. हवा आणि पाणी मिळालं की ते कुजतं, पाणी आम्लधर्मी होतं आणि लोह त्यात विरघळतं. सीलमागे हवा कमी असते तोवर हे लोह विरघळलेलंच राहतं. पाइपमध्ये येऊन त्याला बाहेरची हवा लागली की नारिंगी गाळ होऊन बसतं. म्हणजे पाइप पहिल्यांदा बुजतो तो बाहेरच्या टोकाला, नेमका तुमचा सेन्सर जिथे बसणार तिथे. बोअरवेलच्या पाण्यात तुम्हाला हा अनुभव आला नसेल.

गेजचीही एक खोड आहे. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या प्रेशर गेजमध्ये शून्यापाशी एक बारीक खिळा असतो, काटा त्याला टेकून बसतो. दाब नसेल तरी टेकतो, आतलं यंत्र बिघडून काटा उलटा ओढला जात असेल तरी तिथेच टेकतो. बघणाऱ्याला दोन्ही वेळा शून्यच दिसतं. शिवाय स्टोअरमध्ये असेल ते गेज लावायची पद्धत असते. ० ते १० किलोचं गेज असेल आणि त्याचा बारीक भाग ०.२ किलोचा असेल, तर एक भाग म्हणजे २ मीटर पाणी. सीलमागे कमरेएवढं पाणी साचलं तरी काटा हलल्याचं डोळ्याला कळणार नाही.

म्हणून त्या पाइपवर सेन्सर बसवून चालेल का, याला माझं उत्तर: आज जसा आहे तशा पाइपवर नाही. आणि एकट्या पाइपच्या भरवशावर तर कधीच नाही.

पहिलं काम इंदुरात बसूनच करायचं आहे. खाणीचा प्लॅन मागवा आणि बघा की तोंडातून आत गेलेला रस्ता खाली उतरतो की वर चढतो. इन्क्लाइन असेल तर तो तोंडापासून खाली उतरत जातो. अशा खाणीत पाणी आधी डिपकडे, म्हणजे उताराच्या शेवटाला साचतं आणि वर चढत चढत सगळ्यात शेवटी तोंडाशी येतं. तिथल्या सीलवरचं शून्य खरं असू शकतं आणि तरी आत कोट्यवधी लिटर पाणी असू शकतं. तोंडाशी दाब दिसू लागला तेव्हा खाण आधीच काठोकाठ आलेली असते. डोंगराच्या कुशीतून आडवा किंवा किंचित चढा नेलेला बोगदा असेल, तर पाणी भिंतीमागेच उभं राहतं आणि तिथला दाब हा खरा दाब असतो. दोन तोंडं एकमेकांना आतून जोडलेली असतील तर खालच्या तोंडावर जोर किती, हे वरच्या भागातल्या पाण्यावर ठरतं. तुमच्या प्रश्नात "दोन तोंडं" वाचलं तेव्हा मी तिथेच थबकलो. दोन्हींची समुद्रसपाटीपासूनची उंची मागून घ्या. फरक काही मीटरचा जरी निघाला तरी खालचं तोंड हीच तुमची खरी चिंता.

यावरून पुढची गोष्ट ओघाने येते. सीलमागचं पाणी मोजायची सर्वात भरवशाची जागा सीलवर नसतेच. ती वर असते: जुना शाफ्ट, किंवा जमिनीवरून थेट जुन्या गॅलरीत, म्हणजे कोळसा काढून मोकळ्या झालेल्या बोगद्यात उतरवलेलं बोअर. तिथे तुमचा बोअरवेलचा अनुभव पुरेपूर कामी येईल. मात्र बोअर गॅलरीत पडलं की पिलरमध्ये घुसलं, हे ड्रिलरला विचारा आणि लिहून घ्या. पिलरमध्ये, म्हणजे आधारासाठी सोडलेल्या अखंड कोळशात घुसलेलं बोअर कित्येक दिवस कोरडं किंवा अर्धवट भरलेलं राहतं आणि खाणीच्या पाण्याशी त्याचा संबंध फार मंद असतो. गॅलरी लागली की रॉड एकदम खाली सुटतो, बोअरमधलं पाणी क्षणात नाहीसं होतं. ड्रिलिंगची पाळी करणाऱ्या कोणत्याही माणसाला ती खूण माहीत असते.

वरून भोक पाडून आधी पाहणं किती मोलाचं आहे, याचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कोलोरॅडोमधल्या गोल्ड किंग या जुन्या सोन्याच्या खाणीचं तोंड दरड कोसळून बुजलं होतं. ५ ऑगस्ट २०१५ रोजी पर्यावरण खात्याचं पथक तिथला राडारोडा काढत होतं. तोंडातून पाणी थोडं थोडं पाझरत होतं, त्यावरून आत खाण अर्धवटच भरली असावी असा अंदाज बांधलेला होता. मातीचा बोळा सुटला आणि सुमारे ३० लाख गॅलन, म्हणजे १ कोटी लिटरहून जास्त पाणी बाहेर पडलं. ॲनिमस नदी नारिंगी-पिवळी झाली. नंतरच्या तांत्रिक चौकशीत जे पुढे आलं ते मी प्रत्येक नव्या सर्व्हेअरला सांगत आलोय: शेजारच्याच दुसऱ्या खाणीचं तोंड उघडताना त्यांनी आधी वरून ड्रिल करून पाणी कुठवर आहे ते पाहिलं होतं. गोल्ड किंगला ते केलं नाही. ज्ञान होतं, यंत्र होतं, शेजारी उदाहरणही होतं.

पाझर कमी आहे म्हणजे आत पाणी कमी आहे, हा तर्क मी आपल्या खाणींतही फार ऐकला. पाझर कमी असण्याची दोन कारणं असतात, एकतर मागे पाणी नाही, किंवा मागे बूच घट्ट बसलंय. रोज वाहणारा झरा अचानक कमी झाला तर आनंद मानू नका. आत छत पडून वाट बंद झाली असेल तर पाणी त्या पडझडीमागे चढतंय. स्वच्छ वाहणारं पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात बारीक माती येऊ लागली, तर त्याचा अर्थ पाणी भिंतीच्या कडेने माती पोखरतंय. तेव्हा वाचन घेत बसायचं नाही, खालची माणसं हलवायची.

पाझर मोजायला महागडं मीटर लागत नाही. सीलच्या पुढे चर खणून त्यात ९० अंशाचा व्ही-नॉच लावा, म्हणजे पत्र्यात कापलेली काटकोनी खाच. खाचेच्या टोकावरून पाण्याची उंची १० सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे ४.४ लिटर, आणि ५ सेंटिमीटर असेल तर पाऊण लिटरच्या आसपास. उंची निम्मी झाली तर पाणी निम्म्यावर येत नाही, साडेपाच पटींहून अधिक घटतं. म्हणून पट्टी नीट मिलिमीटरची लावा, आणि ती खाचेपासून थोडी मागे, पाणी संथ असतं तिथे. तिथेही नारिंगी गाळ जमतो, तो दर आठवड्याला खरवडावा लागतो. नाहीतर खाच उथळ होते आणि प्रवाह वाढल्याचा भास होतो.

आता पाइपकडे येऊ. पाइप नव्याने करायची संधी मिळाली तर एकाऐवजी दोन घाला, एकमेकांपासून दीड मीटर उंचीच्या फरकाने. दोन्ही पाण्यात बुडाले की त्यांच्या वाचनांत नेहमी ०.१५ किलोचा फरक दिसला पाहिजे. पाणी चढो की उतरो, तो फरक बदलता कामा नये. बदलला की समजायचं, दोघांपैकी एक खोटं बोलतोय. ही युक्ती मला माझ्या पहिल्या सेफ्टी ऑफिसरांनी शिकवली होती आणि तिने मला कधी दगा दिला नाही. व्हॉल्व्ह फुल बोअर बॉल व्हॉल्व्ह घ्या, गेट व्हॉल्व्ह नको. बॉल व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की आतून सरळ रॉड घालता येतो. पुढे टी लावून त्याच्या एका फाट्यावर सेन्सर, दुसऱ्यावर ग्लँड (रॉडभोवती घट्ट बसून पाणी अडवणारी जोडणी) बसवा, म्हणजे दाबाखाली असतानाही रॉड घालून पाइप साफ करता येईल. साफ करणाऱ्याने पाइपच्या समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. ४ किलो दाबाने सुटलेला गाळाचा गोळा माणसाला आडवा करतो.

सेन्सरच्या बाबतीत तुमच्या लोकांना तीन ठिकाणी सवय मोडावी लागेल.

पहिली म्हणजे केबलमधल्या हवेच्या नळीची. बोअरवेलला तुम्ही वातावरणाशी जोडलेला सेन्सर देता, तो हवेचा दाब आपोआप वजा करतो. खाणीवर जुलै-ऑगस्टमध्ये नळीच्या टोकाचं सिलिका जेल पंधरा दिवसांत ओलं होतं, नळीत दव धरतं आणि वाचन भरकटू लागतं. त्याहून मोठी अडचण अशी की चांगल्या सीलमागची हवा म्हणजे बाहेरची हवा नव्हे. पाणी वर चढतं तशी आत कोंडलेली हवा दाबली जाते. बाहेरचा दाब वजा केलात तर कोंडलेल्या हवेचा दाब तुमच्या पाण्याच्या खात्यात जमा होईल. त्यापेक्षा ॲब्सोल्यूट सेन्सर, म्हणजे काहीही वजा न करता हवेसकट सगळा दाब मोजणारा, घ्या, आणि दोन साधे हवेचे दाबमापक लावा, एक बाहेर, एक सीलच्या सर्वात वरच्या पाइपवर, हवेच्या जागेत. तीन वाचनांवरून हिशेब सुटा करता येतो.

या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्या भागात हवेचा दाब रोज दोनदा चढतो, सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास, आणि दोनदा उतरतो, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमारास. फरक असतो २ ते ४ हेक्टोपास्कल, म्हणजे पाण्याच्या हिशेबात २ ते ४ सेंटिमीटर. ॲब्सोल्यूट सेन्सर जिवंत असेल आणि त्याचा आतल्या पाण्याशी खरा संबंध असेल, तर ही रोजची नाडी त्याच्या आलेखात कमी-जास्त प्रमाणात उमटते. पूर्वी उमटत होती आणि एके दिवशी आलेख सरळ रेघ झाला, तर पाइप बुजलाय किंवा सेन्सर गेलाय. दोन वर्षं शून्य लिहिणाऱ्या माणसाकडे ही तपासणी नव्हती. तुम्ही ती देऊ शकता. सरांना विकायला सांगा, पण आधी समजावून सांगा.

दुसरी सवय धातूची. आम्लधर्मी पाण्यात साधं स्टील टिकत नाही, पितळी ग्लँड हिरवे पडून झिजतात. तिथलं पाणी बाटलीत आणून सामू आणि विद्युतवाहकता तपासा, मग सेन्सरचा धातू ठरवा. सामू ३-४ च्या घरात निघाला तर टायटॅनियमचा खर्च वाचवू नका.

तिसरी सवय सुरक्षेची, आणि इथे मी तुम्हाला अगदी हात जोडून सांगतो. त्या पाइपमधून फक्त पाणी येत नाही. हवेचा दाब उतरला की खाण श्वास सोडते. वादळी ढग आले, कमी दाबाचा पट्टा सरकला, की सीलच्या फटींतून आतली हवा बाहेर येते. तिच्यात मिथेन असू शकतो, आणि हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्के झालं की ठिणगीने स्फोट होतो. कार्बन डायऑक्साइड असू शकतो, ऑक्सिजन कमी असू शकतो. भारतातल्या कोळसा खाणींच्या नियमांत माणसाने काम करायच्या जागी ऑक्सिजन १९ टक्क्यांपेक्षा कमी आणि कार्बन डायऑक्साइड अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही. सील बहुधा खोलगट चरात असतं आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो. मुलगा वाकून बोल्ट आवळायला बसतो, त्याचं तोंड जमिनीपासून दोन फुटांवर असतं, आणि तो नेमका त्या थरात श्वास घेतो. गॅस डिटेक्टर आधी खाली सोडून वाचन घ्या, मग माणूस उतरवा, तेही एकट्याला नाही. बॅटरी, मोडेम, सोलर पॅनेलचा चार्जर हे सगळं सीलपासून दूर खांबावर. पाइपजवळ जे इलेक्ट्रिकल जाईल ते खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या मान्यतेचं, इंट्रिन्सिकली सेफ, म्हणजे ज्याच्या ठिणगीने गॅस पेटू शकत नाही असं. तुमच्या बोअरवेलच्या सर्किटला ती मान्यता नसेल तर ते तिथे न्यायचंच नाही, मग ऑर्डर गेली तरी चालेल.

वाचन किती वेळाने घ्यावं? तासाला एक पुरे, जून ते नोव्हेंबर पंधरा मिनिटांनी. नोव्हेंबरपर्यंत का, तर खाणीत पावसाचं पाणी उशिरा पोचतं. वरची जमीन खचून भेगा पडल्या असतील तर दोन दिवसांत पोचेल, नसतील तर कित्येक आठवडे झिरपत राहील. पाऊस संपला म्हणून सप्टेंबरअखेर चौकीदार काढून घेणं ही मी पाहिलेली नेहमीची चूक आहे. आमची भिंतही ऑक्टोबरातच पाझरली.

पातळीपेक्षा पातळी चढण्याच्या वेगावर अलार्म लावा, पण वेग कधी खरा मानायचा याचा हिशेब आधी करून ठेवा. समजा सीम, म्हणजे कोळशाचा थर, १० ला १ उताराची आहे, कामाची लांबी ८०० मीटर, जाडी अडीच मीटर, आणि ३० टक्के कोळसा काढलेला आहे. पाणी १ मीटर चढायला उतारावरचा १० मीटर रुंदीचा पट्टा भरावा लागतो. म्हणजे १० गुणिले ८०० गुणिले अडीच, त्याचे ३० टक्के, ६,००० घनमीटर. हे एका दिवसात भरायचं तर सेकंदाला ७० लिटरच्या आसपास पाणी सतत यायला हवं. एवढा ओढा आत जाताना वर कुठेतरी दिसेल. तो दिसत नसेल आणि सेन्सर रात्रीत एक मीटर चढ दाखवत असेल, तर एकतर सेन्सर चुकतोय किंवा आत छत पडून मागचं पाणी सुटलंय. दोन्हींत सकाळपर्यंत थांबायचं नसतं. वरच्या बोअरवर टेप सोडून लगेच पाहायचं.

प्लॅनबद्दल थोडं कडक बोलतो. पेंच खोऱ्यातल्या पुष्कळ खाणी १९७३ च्या राष्ट्रीयीकरणाआधी खासगी होत्या. काही जुने प्लॅन स्थानिक आधारावर काढलेले, म्हणजे ऑफिसच्या पायरीला १०० फूट धरून. दोन तोंडांचे दोन प्लॅन दोन वेगळ्या आधारांवरचे असतील तर आमच्याकडे निघाला तसा ९ मीटरचा फरक कागदावर शून्य होऊ शकतो. म्हणून दोन्ही तोंडं, शाफ्ट आणि बोअर, सगळ्यांची उंची एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे पक्की उंची माहीत असलेल्या एकाच खुणेवरून, नव्याने काढून घ्या. सेन्सरवर "१२.४ मीटर" असं नुसतं दाखवू नका, समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवा. आणि प्लॅनवर शेवटची तारीख पाहा. त्या तारखेनंतर कोळसा काढलाच नसेल असं समजू नका.

कागदावर भिस्त ठेवून काय झालं, हे या देशाने पाहिलं आहे. २७ डिसेंबर १९७५ ला धनबादजवळ चासनाला खाणीत जुन्या कामातलं, म्हणजे आधी खणून सोडून दिलेल्या भागातलं, पाणी फुटून ३७५ माणसं गेली. २ फेब्रुवारी २००१ ला बागडिगीत शेजारच्या जयरामपूरच्या पाण्याने भरलेल्या जुन्या कामातून पाणी घुसलं, २९ गेले. जुन्या कामाच्या ६० मीटरच्या आत परवानगीशिवाय जायचं नाही, हा नियम असतानाची ही गोष्ट. आणि तुम्ही जिथे जाताय त्याच परासिया भागात न्यूटन चिखली खाणीत १० डिसेंबर १९५४ ला पाणी शिरून ६३ कामगार दगावले होते. शेजारी चालू खाण आहे का, हे विचारायला म्हणूनच विसरू नका. सील फुटून पाणी नाल्यात जाणं हा एक धोका. आतल्या बाजूने कोळशाची भिंत फुटून पाणी चालू खाणीत जाणं हा दुसरा, आणि त्यात सेकंदांचाही अवकाश मिळत नाही.

सर अजून म्हणतील की इतकी वर्षं काही झालं नाही. त्यांना इंदूरचीच आठवण द्या. ३० मार्च २०२३ ची रामनवमी. पटेल नगरच्या मंदिरात जुन्या बावडीवर, म्हणजे विहिरीवर, टाकलेला स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. स्लॅबखाली पाणी आहे हे बसलेल्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात होतं? खाणीच्या तोंडावर भिंत घातली, वर झुडपं उगवली, जुने कामगार गावी परतले, की दहा-पंधरा वर्षांत आत काय आहे ते सांगणारा कोणी उरत नाही. तुमचा सेन्सर हे सांगायचं काम करणार आहे. म्हणून तो स्वस्तात उरकू नका.

अलार्मचा मेसेज कोणाला जाणार, हे करारातच लिहा. इंदूरच्या सर्व्हरवर लाल दिवा लागला तर तुम्ही काय करणार? पंचव्हॅली एक्सप्रेस रात्रभर चालून तिकडे पोचते. मेसेज खाणीच्या मॅनेजरला, सेफ्टी ऑफिसरला, आणि नाल्याखालच्या गावातल्या सरपंचालाही गेला पाहिजे. सरपंचांना तुम्ही स्वतः जाऊन भेटा. कुठला आकडा आला की कोणी काय करायचं, ते हिंदीत एका पाटीवर लिहून सीलच्या वाटेवर लावा. आणि गावातला एखादा जुना पंप खलाशी किंवा ओव्हरमन शोधून त्याला महिन्याचं मानधन द्या, आठवड्यातून दोनदा भिंत बघून यायला. ओल, रंग, वास, पाण्याचा आवाज हे तो सांगेल, तुमचं यंत्र सांगणार नाही.

जाण्याआधी खाण कंपनीला पत्र पाठवा आणि लेखी उत्तर मागा. दोन्ही तोंडांची उंची किती, ती आतून जोडलेली आहेत का, सील कोणत्या वर्षी बांधलं आणि किती दाबासाठी डिझाइन केलं, वरून पाणी बघायला शाफ्ट किंवा बोअर आहे का, शेजारची चालू खाण किती अंतरावर आहे. उत्तर येईपर्यंत तिथे फोटो काढा, ओल तपासा, लांबून चर पाहा. वरून टेप सोडून पाण्याची पातळी स्वतः पाहिल्याशिवाय त्या पाइपच्या व्हॉल्व्हला पाना लावू नका, आणि कोणी घाई केली तरी तुमच्या मुलांना लावू देऊ नका.